जुन्या नांगरटीच्या खुणा आणि आपली काळी-पांढरी

सातबाऱ्याच्या उताऱ्यावर हेक्टर व आर हे शब्द येऊन बरींच वर्षें लोटलीं, तरी बार्शीच्या बाजारांत दोन शेतकरी भेटले म्हणजे ‘यंदा तूर किती एकर?’ असाच प्रश्न निघतो. हा एकर मूळचा कोठला, आणि तो इतकाच मोठा कां, याचा विचार मात्र फारसा कोणी करीत नाहीं. त्याचें उत्तर इंग्लंडांतील जुन्या शेतांच्या मातींत उमटलेलें आहे. तें पाहूं लागलें म्हणजे आपल्या स्वतःच्या रानांत पूर्वजांच्या शेतीच्या कोणत्या खुणा उरल्या आहेत, हा प्रश्न आपोआप पुढें येतो. जुन्या खुणांची हौस विद्वानांनीं करावी, शेतकऱ्यास तिचें काय, असें कोणी म्हणेल. पण ज्या बांधावर यंत्र चालवावें कीं न चालवावें याचा खल आज घरोघरीं चालला आहे, तो बांध हीच आपल्या भागांतील जुन्या शेतीची सर्वांत मोठी खूण आहे. म्हणून हा विषय वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

इंग्लंडच्या मध्य भागांतील गवती कुरणांवर सकाळीं किंवा सायंकाळीं ऊन तिरपें पडलें असतां जमीन लाटांसारखी दिसूं लागते. एक लांबट उंचवटा, त्याच्या शेजारीं खोलगट पट्टी, पुन्हा उंचवटा, अशी रांग लांबवर गेलेली असते. उंचवट्यांची रुंदी पुष्कळदां पंधरा ते तीस फूट भरते. उंची कोठें वीतभर, तर कोठें दोन फुटांपर्यंतही असते. पातळ बर्फ पडलें म्हणजे हे पट्टे विमानांतून फारच स्पष्ट दिसतात. हे उंचवटे मध्ययुगांतील नांगरटीनें पडलेले आहेत. त्या देशांतील जड नांगरास एका अंगाला फळी असे. ती फळी तासांतून निघालेली ढेप नेहमी उजव्या बाजूस पालथी घाली. नांगऱ्या पट्टीच्या मध्यावर पहिलें तास धरी व उजवीकडे वळत वळत पट्टीभोंवतीं फेरे घाली. त्यामुळें प्रत्येक फेऱ्याची माती आंतल्या अंगास, म्हणजे पट्टीच्या मध्याकडे सरके. वर्षानुवर्षें असें चाललें म्हणजे मधला भाग उंच होणार व कडेला सरी पडणार, हें कोणाही औत धरणाऱ्याच्या सहज ध्यानांत येईल.

आणखी एक मौज अशी कीं, हे पट्टे सरळ नसतात. दोन्ही टोकांना किंचित् वळलेले, उलट्या ‘एस्’ या इंग्रजी अक्षरासारखे असतात. जड जमिनीसाठीं तेथें आठ आठ बैलांची माळ जुंपीत. एवढी लांब माळ टोकाशीं एकदम वळेना. म्हणून शेवट येण्याआधींच नांगऱ्या बैलांना डावीकडे घेऊं लागे. बैल केव्हांच गेले, नांगरही गेले, पण त्यांचें वळण मातींत राहिलें. एका तासाची लांबी म्हणजे बैलांनीं दम न घेतां ओढावयाचें अंतर. तें २२० यार्ड ठरलें व त्यास तासाच्या नांवावरूनच ‘फर्लांग’ हें नांव पडलें. लांबी एक फर्लांग व रुंदी २२ यार्ड एवढी पट्टी म्हणजे एक एकर. एका दिवसाची नांगरट, असा त्याचा मूळ व्यवहार. आतां आपल्या गुंठ्याशीं ताळा पाहा. आपल्याकडील मोजणीची साखळी ३३ फुटांची, म्हणजे सोळा आण्यांची. एक साखळी लांब व एक साखळी रुंद जमीन म्हणजे गुंठा. फर्लांगांत अशा वीस साखळ्या बसतात व २२ यार्डांत दोन. वीस दुणे चाळीस. म्हणून चाळीस गुंठ्यांचा एकर. शिवकालीं आपल्याकडे पांच हात पांच मुठींची काठी, वीस काठ्या चौरसाचा बिघा व १२० बिघ्यांचा चावर असें माप होतें. १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड व विंगेट यांनीं जी नवी पाहणी सुरू केली, तिच्याबरोबर एकर-गुंठ्यांनीं दख्खनांत पाय रोवले. म्हणजे परक्या देशांतील आठ बैलांच्या दमाचें माप आपल्या काळ्या रानावर बसलें, आणि अद्याप तें आपल्या जिभेवरून उतरलें नाहीं.

हे पट्टे टिकले कसे? इ. स. १३४८-४९ च्या मोठ्या साथींत तेथील लोकसंख्येचा फार मोठा भाग मेला. पुढें पंधराव्या-सोळाव्या शतकांत अनेक जमीनदारांनीं शेती मोडून मेंढ्यांसाठीं कुरणें केलीं, कित्येक गांवेंच उठविलीं. नांगर थांबला, गवतानें माती धरून ठेवली, आणि शेवटच्या नांगरटीचा आकार गोठल्यासारखा तसाच राहिला. यॉर्कशायरमधील व्हॅरम पर्सी नांवाच्या अशा ओसाड गांवाचें उत्खनन मॉरिस बेरेसफर्ड व जॉन हर्स्ट यांनीं १९५० पासून चाळीस वर्षें केलें. परंतु ज्या कुरणांनीं या खुणा चारशें वर्षें राखल्या, त्यांपैकीं बरींच दुसऱ्या महायुद्धांत धान्यासाठीं नांगरलीं गेलीं, व त्यानंतर ट्रॅक्टरनें उरलेल्यांतीलही फार मोठा भाग सपाट केला.

या उंचवट्यांचा शेतीला उपयोग काय होता, हें आपल्या कामाचें आहे. तेथील जमीन चिकणमातीची व पाऊस झिमझिम. पाणी मुरत नाहीं, सांचतें. उंचवट्यामुळें जादा पाणी सरीनें वाहून जाई व वरच्या पिकाच्या मुळ्या कोरड्या राहत. हैदराबादजवळ पाटणचेरू येथें १९७२ सालीं स्थापन झालेल्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेनें काळ्या जमिनीसाठीं जी रुंद वरंबा-सरीची पद्धत बसविली, तिच्या मुळाशीं हेंच तत्त्व आहे. सुमारें दीड मीटरांत एक रुंद वरंबा व एक सरी. अति पाऊस झाला तर सरी पाणी बाहेर काढते, आणि बेताचा झाला तर तेंच पाणी सरींत जिरतें. सोयाबीनच्या पेरणीसाठीं आपल्या जिल्ह्यांत जें वरंबा पाडणारें पेरणीयंत्र आलें आहे, तें या पद्धतीचेंच. फरक एवढाच कीं इंग्लंडचा उंचवटा नांगराच्या फेऱ्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेला, आणि आपला वरंबा उतार पाहून एका दिवसांत पाडतां येतो. उतार न पाहतां पाडला तर सरीचीच घळ होते, हें ज्यांनीं अनुभवलें आहे त्यांना सांगावयास नको.

त्या जुन्या इंग्रजी शेतीची दुसरी एक गोष्ट आपणांस अपरिचित वाटूं नये. सर्व गांवाची जमीन दोन-तीन मोठ्या रानांत विभागलेली असे. प्रत्येक कुटुंबाच्या पट्ट्या त्या सर्व रानांत विखुरलेल्या असत. कोणत्या रानांत काय पेरावें व कोणतें पडीक ठेवावें हें गांव मिळून ठरवी. आपल्याकडे धुळें व नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम इत्यादि नद्यांच्या बंधाऱ्यांखालीं चालत आलेली फड पद्धत जवळपास अशीच आहे. भिजणाऱ्या जमिनीचे फड पाडावयाचे, एका फडांत सर्वांनीं एकच पीक घ्यावयाचें, दरसाल फेरपालट करावयाची, आणि पाण्याची वांटणी पाटकऱ्यानें करावयाची. तेथील जुने दगडी बंधारे व पाट हे आपल्या राज्यांतील मध्ययुगीन शेतीचे जिवंत अवशेष म्हणतां येतील.

मग आपल्या बार्शीच्या बाजूस जुन्या नांगरटीच्या लाटा कां दिसत नाहींत? कारणें तीन आहेत. पहिलें, आपला लांकडी नांगर दोन्ही अंगांस सारखीच माती फोडतो. तो ढेप एका बाजूस पालथी घालीत नाहीं. शिवाय कोरडवाहू काळ्या रानांत दरसाल नांगर घालण्याचा प्रघात नव्हता. हरळी-कुंद्यानें रान धरलें म्हणजे सहा-आठ बैलांचा मोठा नांगर घालीत. एरवीं कुळवाच्या पाळ्यांवरच भागे, आणि कुळवाची फास जमीन सपाट करते. दुसरें, काळी माती स्वतःच स्वतःला नांगरते. चैत्र-वैशाखांत हातभर भेगा पडतात, वरची माती त्यांत पडते, पावसानें खालची फुगून वर येते. अशा जमिनींत तासाची खूण एक उन्हाळाही टिकावयाची नाहीं. काळ्या रानांत एखादें खापर ज्या खोलीवर सांपडतें, त्या खोलीवरून त्याचें वय ठरवूं नये असें जाणते लोक म्हणतात, तेंही याच कारणानें. तें भेगेंतून खालीं गेलेलें असूं शकतें. तिसरें, आपल्याकडे शेत पडीक पडून चारशें वर्षें कुरण म्हणून राहिलें, असें क्वचित् घडलें. दुष्काळानें गांव उठे, पण पुन्हा कोणी तरी येऊन रान वाहीत करीच.

भारतांत नांगरलेल्या जुन्या शेताचा सर्वांत प्रसिद्ध पुरावा राजस्थानांत घग्गर नदीच्या काठीं कालीबंगन येथें मिळाला. ब्रजवासी लाल व बालकृष्ण थापर यांच्या देखरेखीखालीं १९६० ते १९६९ या काळांत तेथें उत्खनन झालें. वस्तीच्या तटाबाहेर, आग्नेय दिशेस, सुमारें पावणेपांच हजार वर्षांपूर्वींचें एक शेत उघडें पडलें. त्यांत दोन दिशांचीं तासें एकमेकांस काटकोनांत छेदीत होतीं. पूर्व-पश्चिम तासांत सुमारें एक फुटाचें अंतर, तर दक्षिणोत्तर तासांत सव्वासहा फुटांचें. उत्खनकांनीं आसपासच्या शेतकऱ्यांकडे पाहिलें, तों तेही तशींच दुहेरी तासें घालीत होते. जवळच्या ओळींत बुटकें कडधान्य व लांबच्या ओळींत उंच मोहरी. उंच पीक दक्षिणोत्तर ओळींत असलें म्हणजे हिवाळ्यांतील दुपारीं सूर्य दक्षिणेकडे कलला तरी मोहरीची सावली तिच्याच ओळीवर पडते, कडधान्यावर पडत नाहीं. आपण शाळवांत करडईच्या ओळी टाकतों, ज्वारींत तूर घेतों, तेव्हां या सावलीचा विचार किती जण करतात? मिश्रपिकाचें ज्ञान कोठून आलें असें विचारणाऱ्यांस कालीबंगनचें शेत दाखवावें. तेथील माती आपल्यासारखी फुगणारी नव्हती, व शेत वापरांतून गेल्यावर त्यावर दुसरी माती चढली. म्हणून तें राहिलें.

महाराष्ट्रांतील जुन्या शेतीचा उत्तम पुरावा इनामगांवचा. पुणें जिल्ह्यांत शिरूर तालुक्यांत घोड नदीच्या कांठीं हें गांव आहे. डेक्कन कॉलेजच्या वतीनें हसमुख सांकळिया, मधुकर ढवळीकर व झैनुद्दीन अन्सारी यांनीं १९६८ पासून पुढें सुमारें पंधरा वर्षें तेथें काम केलें. इ. स. पूर्व १६०० ते ७०० या काळांत तेथें शेतकऱ्यांची वस्ती होती. मुख्य धान्य जव. त्याबरोबर गहूं, मसूर, वाटाणा. वस्तीच्या कडेनें खणलेला एक मोठा पाट व त्यास लागून दगडमातीचा बांध तेथें सांपडला. पुराचें पाणी अडवून तें पाटानें वळविण्याची ही योजना, असा त्याचा अर्थ लावला गेला आहे. गांवच्या प्रमुखाचें म्हणून जें घर ओळखलें, त्याच्या शेजारींच धान्याचें कोठार होतें. पाट एकट्यादुकट्याला खणतां येत नाहीं. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वीं घोड नदीच्या कांठीं पाण्यासाठीं गांव एकत्र होत असे. पुढें हवामान अधिक कोरडें होत गेलें, शेती खालावली, शिकार व जनावरें यांवर भर वाढला, व शेवटीं वस्ती मोडली. कोरडवाहू मुलखाची ही कहाणी आपणांस काय नवी आहे?

गांव उठणें ही दख्खनांत फार जुनी गोष्ट आहे, याचा लेखी दाखलाही सांपडतो. नाशिकच्या लेण्यांत सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याच्या कारकीर्दींतील, म्हणजे जवळजवळ एकोणीसशें वर्षांपूर्वींचा, एक लेख आहे. पूर्वीं भिक्षूंना दिलेलें शेत कोणी कसत नाहीं व तें गांवही वसलेलें नाहीं. म्हणून त्याऐवजीं दुसरें शंभर निवर्तनें शेत द्यावें, असा हुकूम त्यांत कोरलेला आहे. दानपत्रें बहुधा चांगल्याच गोष्टी सांगतात. हें मात्र पडीक रानाची व ओसाड गांवाची कबुली देतें, म्हणून आम्हांस तें फार मोलाचें वाटतें. पुढें दुर्गादेवीचा दुष्काळ लोकांच्या तोंडीं राहिला. १६३० ते १६३२ च्या दुष्काळानें तर दख्खनचीं गांवेंच्या गांवें बसविलीं. मराठी राज्यांत अशा उजाड मौज्यांस कौल देऊन, सारा पहिल्या वर्षीं थोडा व मग दरसाल चढता, अशा इस्ताव्यानें पुन्हा लागवड करवीत. जुन्या दप्तरांत बेचिराख म्हणून लिहिलेल्या मौज्यांचीं नांवें आजही शिवाराच्या नांवांत ऐकूं येतात. ज्या रानांत वस्ती नाहीं त्यास ‘जुनें गांव’ किंवा ‘पांढर’ म्हणत असतील, तर तेथें केव्हां तरी चूल पेटत होती हें निश्चित समजावें.

येथें आपल्या भाषेंतील एका जोडशब्दाकडे लक्ष वेधावेंसें वाटतें. जुन्या कागदांत ‘काळी’ म्हणजे पिकाऊ रान व ‘पांढरी’ म्हणजे वस्तीची जागा. पांढरी पांढरी कां? शेंकडों वर्षें पडलेल्या भिंतींची माती, चुलींची राख, चुना, शेण, हाडें यांचे थर एकावर एक चढून तिचा रंग फिका होतो व तिचें टेकाड बनतें. आपल्या पूर्वजांनीं पुराणवस्तुशास्त्राचा एक मुख्य सिद्धांत एका शब्दांत सांगून ठेवला आहे, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. १९३० च्या आसपास स्वीडनमध्यें ओलोफ अऱ्हेनियस नांवाचे शेतकी रसायनज्ञ बीटच्या साखरेच्या लागवडीसाठीं माती तपाशीत होते. कांहीं ठिकाणीं स्फुरदाचें प्रमाण विनाकारण फार आढळे. शोध घेतां तेथें पूर्वीं वस्ती होती असें दिसून आलें. तेव्हांपासून मातींतील स्फुरद मोजून ओसाड गांवें शोधण्याची रीत पडली. आपल्या शेतकऱ्यांस ही गोष्ट प्रयोगशाळेशिवाय माहीत होती. म्हणून तर पांढरीची माती गाड्या भरभरून खत म्हणून काळींत टाकण्याचा प्रघात पडला. गांवंदरीच्या शेतांत पीक जोमदार येतें त्याचें एक कारण हेंच.

या प्रघाताची दुसरी बाजू बार्शीच्या पूर्वेस तेरणेच्या कांठीं तेर येथें पाहावयास मिळते. संत गोरोबाकाकांचें हें गांव म्हणजेच ग्रीक व्यापाऱ्याच्या दोन हजार वर्षांपूर्वींच्या वृत्तांतांतील तगर, असें १९०१ सालीं फ्लीट यांनीं दाखवून दिलें. तगराहून कापसाचें कापड गाड्यांत भरून भडोचच्या बंदरास जात असे, असें त्या वृत्तांतांत आहे. म्हणजे तेरणेच्या खोऱ्यांतील व आसपासच्या काळ्या रानांतील कापूस तेव्हांही समुद्रापार जात होता. तेरचीं पांढरीचीं टेकाडें पुढें लोक खतासाठीं खणूं लागले, व पावसानेंही तीं झिजत. त्यांतून नाणीं, मणी, भाजक्या मातीच्या मूर्ति, हस्तिदंती वस्तु निघूं लागल्या. गांवचेच रामलिंगप्पा लामतुरे यांनीं त्या पिढीजात चिकाटीनें गोळा केल्या. आज तेथील सरकारी वस्तुसंग्रहालय त्यांच्या नांवानें आहे. एवढा संग्रह राहिला ही भाग्याची गोष्ट. परंतु कोणती वस्तु कोणत्या थरांत होती, तिच्या शेजारीं कोणतें धान्य जळून पडलें होतें, हें खताच्या गाडीबरोबर गेलें तें गेलेंच. जळकें धान्य हेंच तर जुन्या शेतीचें खरें सातबारा! इनामगांवचा जव आपणांस कळला तो अशाच कोळशासारख्या दाण्यांवरून.

आतां बांधाकडे वळूं. आपल्या भागांत उतार सौम्य दिसतो, पण बालाघाटाच्या पायथ्यापासून भोगावती व नागझरीकडे पाणी धांव घेतें. उताराला आडवा घातलेला बांध माती धरतो. दरवर्षींच्या औताबरोबर व पावसाबरोबर वरच्या अंगास माती सांचत जाते, खालच्या अंगाची माती सरकत जाते, आणि बांधाशीं एक पायरी तयार होते. ही पायरी जितकी उंच तितका बांध जुना, असें ढोबळमानानें समजावयास हरकत नाहीं. मात्र माती भुसभुशीत असेल किंवा उतार जास्त असेल तर ती लवकरही वाढते, म्हणून एवढ्यावरच निकाल देऊं नये. बांधाच्या तळाशीं दगडाचे रचलेले थर आहेत काय, दगडावर शेवाळाचे करडे डाग धरले आहेत काय, बांध सर्व शिवारांतून एका रेषेंत पुढें जातो काय, तो नव्या गटाच्या हद्दीशीं जुळतो कीं तिला तिरपा छेदतो, हें पाहावें. हद्दीशीं न जुळणारा बांध पुष्कळदां हद्दीहून जुना असतो. कोठें कोठें बांधांत वीरगळ किंवा सूर्यचंद्र कोरलेला दानाचा दगड बसविलेला आढळतो. तो आणून ठेवलेलाही असेल, तरी त्याची जागा टिपून ठेवण्याजोगी असते.

बांधाचें महत्त्व कळण्यास दुष्काळ व्हावे लागले. सोलापूर येथें १९३३ सालीं कोरडवाहू शेतीचें संशोधन केंद्र सुरू झालें. त्या कामांत अग्रेसर असलेले एन. व्ही. कानिटकर व त्यांचे सहकारी यांनीं पावसाबरोबर माती व पाणी किती जातें याचीं मोजमापें करून बांधबंदिस्ती, ठराविक वर्षांनीं खोल नांगरट, शेणखत, ओळींत जास्त अंतर व वारंवार कोळपणी अशी पद्धत बसविली. तीच पुढें मुंबई कोरडवाहू पद्धत म्हणून ओळखली गेली. १९४२ च्या मुंबई जमीन सुधारणा योजना कायद्यानें समपातळी बांधांस जोर आला, आणि १९७२ च्या दुष्काळांत लाखों लोकांच्या हातांनीं बांध घातले गेले. त्यामुळें आज शिवारांत जुना ताल कोणता व सरकारी बांध कोणता हें ओळखणें कठीण झालें आहे. सरकारी बांध समपातळींत वळत जातो व त्यास आंखीव सांडवा असतो. जुना ताल घळीच्या तोंडाशीं आडवा, आंखूड व जाड असतो. हा भेद बहुतेक वेळां उपयोगी पडतो.

१९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या कायद्यानें सर्व्हे नंबर जाऊन गट आले. विखुरलेले तुकडे एकत्र झाले हें चांगलें झालें. त्याविरुद्ध आमचें म्हणणें नाहीं. परंतु जे बांध हद्द म्हणून उभे होते, त्यांना हद्दीचें काम उरलें नाहीं, आणि माती धरण्याचें त्यांचें मूळ काम लोक विसरले. नंतर ट्रॅक्टर आला, माती उकरणारीं यंत्रें तासाच्या भाड्यानें मिळूं लागलीं, आणि लांब तासाच्या मोहानें बांध जाऊं लागले. या मोहांत आम्ही स्वतः सांपडलों होतों, हें सांगावयास संकोच कशाला? आमच्या दोन तुकड्यांमधला जुना ताल आम्हीं यंत्रानें काढला. पहिल्या वर्षीं औत वळविण्याचा वेळ वांचला, पेरही वाढली. दुसऱ्या वर्षीं हस्ताचा एकच मोठा पाऊस झाला. वरच्या तुकड्याची माती ओढ्यास गेली, मधोमध कंबरभर घळ पडली व खालच्या अंगास मुरूम उघडा पडला. ताल पुन्हा घालण्यास, काढण्याच्या कितीतरी पट खर्च आला. आणि गेलेली माती कोठल्याही भाड्यानें मिळत नाहीं.

ज्यांस आपल्या रानाचा जुना आकार पाहावयाचा असेल, त्यांनीं भूमि अभिलेख कार्यालयांतून जुन्या सर्व्हे नंबराच्या टिपणाची नक्कल काढावी. त्यांत साखळी-आण्यांनीं मोजलेल्या भुजा असतात. ती नक्कल हातीं घेऊन फाल्गुनांत, शाळू निघाल्यावर व भेगा फार रुंदावण्यापूर्वीं, दिवस मावळण्याच्या सुमारास शेतांत फिरावें. तिरप्या उन्हांत दुपारीं न दिसणारे चढउतार दिसतात. पीक उभें असतांनाही एक पट्टा भोंवतालच्या पिकाहून हिरवा व उशिरां वाळणारा असेल, तर खालीं बुजलेला चर, पाट किंवा खड्डा असण्याचा संभव; उलट एक सरळ पट्टा दरसाल लवकर पिवळा पडत असेल, तर खालीं भिंतीचा पाया किंवा दगडाचा थर असावा. टिपणावर ही जागा शिसपेन्सिलीनें दाखवावी व सालाचा आंकडा घालावा. दोन-तीन सालें मिळून आकृति उमटते.

नांगरतांना नाणीं किंवा मौल्यवान वस्तु लागल्यास १८७८ च्या निखात निधि कायद्याप्रमाणें, दहा रुपयांवर किंमत असेल तर, जिल्हाधिकाऱ्यांस कळविणें बंधनकारक आहे. लपविल्यास शिक्षा आहे; कळविल्यास कायद्यानें सांपडविणाऱ्याचा हक्क पाहिला जातो. खापरांस हा नियम सहसा लागत नाहीं, परंतु पांढरीच्या टेकाडावर खत काढण्यापूर्वीं तेथें राखेचे व जळक्या दाण्यांचे थर आहेत काय हें पाहून पुरातत्त्व खात्यास किंवा जवळच्या महाविद्यालयांतील इतिहासाच्या प्राध्यापकांस एक पत्र लिहावें. खतासाठीं टेकाडाची कडच खणावी लागली, तर उभी कड नीट तासून तिचें छायाचित्र तरी घ्यावें. आतां हें काम प्रत्येकाच्या खिशांतल्या यंत्रानें होतें.

आमचा तो ताल पुन्हा घालतांना गड्यांनीं जुन्या पायाची माती उघडली, तेव्हां तळाशीं दगडांचा एक थर, त्यावर काळी माती, त्यावर पुन्हा दगडांचा थर असा प्रकार दिसला. म्हणजे आमच्यापूर्वींही कोणी तरी तो एकदां फुटल्यावर दुरुस्त केला होता. दोन थरांच्या मध्यें काळ्या खापराचा तळहाताएवढा तुकडा होता. तो किती जुना हें आम्हांस सांगतां आलें नाहीं. त्याचें छायाचित्र घेतलें, खोली मोजून टिपणावर लिहिली, व गड्यांस सांगून तो होता त्याच जागीं ठेवून वर दगड बसविले.